हटवलेले जाते कुठे?
बर्फ उपसणारी शहरे आणि पाणी उपसणारी आपली उपनगरे

मे महिना अर्धा सरला की अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत एकच दृश्य दिसू लागते. मोठ्या नाल्याच्या काठावर पोकलेन उभे राहते. त्याचा लांब हात काळ्या पाण्यात बुडतो, गाळ वर येतो आणि डंपरमध्ये पडतो. गल्लीबोळातल्या लहान गटारांत यंत्र शिरू शकत नाही. तिथे फावडे आणि घमेले घेऊन माणूसच उतरतो. आपण नाकाला रुमाल लावून घाईघाईने पुढे जातो आणि नालेसफाईची आठवण पुन्हा येते ती घरात पाणी शिरल्यावर.

आम्ही शाळेत भूगोल शिकवतो. थंड प्रदेशांचा धडा आला की मुले हमखास विचारतात, ‘तिकडे कमरेइतका बर्फ पडल्यावर लोक शाळेत आणि दुकानात जातात कसे?’ मुंबईत बर्फ पडत नाही, म्हणून हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आकाशातून पडलेले दूर सारून माणसाला वाट मोकळी करून देणे, हेच काम तिकडच्या शहरांना हिवाळ्यात आणि आपल्याला पावसाळ्यात करावे लागते. बर्फ हटवण्याचा इतिहास वाचताना तीन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. काम केव्हा सुरू करायचे? हटवलेले टाकायचे कुठे? आणि कोणाची गल्ली आधी मोकळी करायची? आपल्या उपनगरांपुढे आजही हेच तीन प्रश्न उभे आहेत.

घोड्याच्या नांगरापासून मिठापर्यंत

फार पूर्वी थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ हटवण्याची गरज फारशी नव्हती. चाकाच्या गाड्या बाजूला ठेवून लोक घसरगाड्या वापरत. त्या गाड्यांना बर्फ हवाच असे, म्हणून काही गावांत तो दाबून सपाट करण्याचे काम चाले. शहरे वाढली, दुकाने, कारखाने, घोड्यांच्या ट्राम आल्या, तेव्हा बर्फ आड येऊ लागला. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १८६२ साली घोड्यांनी ओढायचा बर्फाचा नांगर वापरल्याची नोंद आहे. शेतातला नांगर माती उलथतो, हा नांगर बर्फ बाजूला लोटतो.

पण लोटलेला बर्फ गेला कुठे? तो पायवाटेवर आणि दुकानांच्या दारांत जाऊन बसला. रस्ता गाड्यांसाठी मोकळा झाला आणि पायी चालणाऱ्यांची वाट बंद झाली. दुकानदारांनी तक्रारी केल्या. मग नगरपालिकांना मजूर लावून तोच बर्फ फावड्याने गाड्यांत भरावा लागला आणि नदीत नेऊन टाकावा लागला. एकाच्या दारातून उचलून दुसऱ्याच्या दारात टाकणे म्हणजे हटवणे नव्हे, हे तेव्हा लोकांना कळले.

काम केव्हा सुरू करायचे, हा धडा न्यूयॉर्कला मार्च १८८८ मध्ये मिळाला. त्या महिन्यातल्या हिमवादळाने शहर काही दिवस ठप्प केले. उन्नत मार्गावरच्या आगगाड्या अडकल्या, तारा तुटल्या, माणसे मेली. वादळ थांबल्यावर साचलेले डोंगर उपसणे जवळजवळ अशक्य होते. यानंतर शहरांनी आधी विभाग वाटून ठेवायला आणि बर्फ पडू लागताच नांगर रस्त्यावर काढायला सुरुवात केली. तारा जमिनीखाली नेण्याच्या आणि भुयारी रेल्वेच्या मागणीलाही या वादळाने जोर आला. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ मध्ये धावू लागली.

पुढे यंत्रे सुधारली. रेल्वेमार्गावरचा बर्फ कापून दूर भिरकावणारी चक्राची यंत्रे आली. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतातल्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ साली रस्त्यावर चालणारे, बर्फ ओढून लांब फेकणारे यंत्र तयार केले. धान्य मळणीच्या यंत्रावरून त्यांना ही कल्पना सुचल्याचे सांगतात.

त्यानंतर रस्त्यावर मीठ टाकण्याची पद्धत आली. आपल्याकडचा कुल्फीवाला मटक्यात बर्फाबरोबर मीठ घालतो, ते त्याच गुणासाठी. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून शून्य अंशालाही बर्फ वितळू लागतो. वितळताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो आणि मटक्यातली कुल्फी घट्ट होते. कुल्फीवाल्याला हवा असतो गारवा, रस्त्यावाल्यांना हवे असते बर्फाचे पाणी होणे. मीठ स्वस्त म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत त्याचा वापर प्रचंड वाढला. पण ते मीठ वितळलेल्या पाण्याबरोबर झऱ्यांत आणि विहिरींत उतरले, गाड्या आणि पुलांचे लोखंड त्याने खाल्ले. इथेही पुन्हा तोच प्रश्न आला, हटवलेले शेवटी जाते कुठे?

कोणाची गल्ली आधी?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोन महापौरांना महागात पडले. फेब्रुवारी १९६९ मध्ये न्यूयॉर्कवर सुमारे १५ इंच बर्फ पडला. मुख्य मॅनहॅटन लवकर सावरले, पण क्वीन्स या उपनगरी भागातल्या अनेक गल्ल्या जवळपास आठवडाभर तशाच राहिल्या. शहरात ४२ जणांचा जीव गेला, त्यांतले निम्मे क्वीन्समधले होते. महापौर जॉन लिंडसे तिथे गेले तेव्हा लोकांनी त्यांची हुर्यो उडवली.

दहा वर्षांनी, १९७९ च्या जानेवारीत, शिकागोत असेच वादळ आले. रस्ते दिवसेंदिवस अडलेले राहिले. लोकल गाड्यांचा खोळंबा कमी व्हावा म्हणून काही स्थानके वगळण्यात आली आणि त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमधली स्थानके होती. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसांसमोरून गाडी न थांबता निघून जाई. पुढच्याच महिन्यात पक्षांतर्गत निवडणूक झाली आणि महापौर मायकेल बिलँडिक यांना जेन बर्न यांनी हरवले. लोकांचा राग नुसत्या बर्फावर नव्हता. बर्फ सगळ्यांच्या दारात सारखाच पडला होता, हटवताना मात्र भेदभाव झाला होता.

आपल्या देशातला बर्फ, आपल्या राज्यातली तालीम

आपल्या देशातही हे काम दर वर्षी चालते. काश्मीर खोऱ्याला द्रास, कारगिल आणि लेहशी जोडणारी जोजिला खिंड ११,६०० फुटांहून अधिक उंचीवर आहे. पूर्वी ती हिवाळ्यात सहा-सहा महिने बंद असे. खिंडीच्या पलीकडच्या घरांना धान्य, औषधे, केरोसीन सगळे आधीच साठवून ठेवावे लागे. आता सीमा रस्ते संघटनेची पथके दोन्ही बाजूंनी बर्फ कापत येतात आणि मध्यावर भेटतात. २०२५ मध्ये अवघ्या ३२ दिवसांच्या बंदनंतर १ एप्रिलला ही वाट खुली झाली.

महाराष्ट्राचा या कामाशी जवळचा संबंध आहे. १९६० साली स्थापन झालेल्या या संघटनेच्या अभियंता दलाचे प्रशिक्षण केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे. बर्फाचा कणही न पडणाऱ्या दिघीतून गेलेली माणसे हिमालयातल्या वाटा मोकळ्या करतात.

साष्टीची उपनगरे आणि उशिरा आलेली गटारे

आता आपल्या दारातल्या पाण्याकडे येऊ. मराठीत आपण ‘निचरा’ म्हणतो, उर्दूत ‘निकासी’. दोन्ही शब्दांत पाण्याला बाहेर पडायची वाट देण्याचा अर्थ आहे. ही वाट मुंबईच्या सगळ्या भागांना एकाच वेळी मिळाली नाही.

कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या शहरात इंग्रजांच्या काळात जमिनीखालून गटारे बांधली गेली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही तेव्हा साष्टी बेटावरची वेगळी गावे होती. भातखाचरे, मिठागरे, तलाव आणि ओढे हीच त्यांची निचऱ्याची व्यवस्था. १९५० मध्ये जवळची उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली आणि १९५७ मध्ये हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली. घरे भराभर उठली, भातखाचरे बुजली, पण जमिनीखालची गटारे त्या वेगाने आली नाहीत. म्हणूनच उपनगरांत आजही मोठ्या प्रमाणावर रस्त्याच्या कडेची गटारे आणि उघडे नाले दिसतात.

पाण्याचा रस्ता मात्र जुनाच आहे. दहिसर, पोयसर आणि ओशिवरा या नद्या बोरिवली-गोरेगावच्या डोंगरांतून निघून पश्चिमेला खाडीकडे जातात. घाटकोपर, भांडुप, मुलुंडचे पाणी पूर्वेला ठाणे खाडीकडे उतरते. विहार आणि पवई तलावांचे सांडपाणी घेऊन निघालेली मिठी नदी साकीनाका, कुर्ला, कलिना, वाकोला, वांद्रे-कुर्ला संकुल अशी सुमारे १८ किलोमीटर फिरून माहीमच्या खाडीला मिळते. विमानतळाजवळ तिला काटकोनी वळणे घ्यावी लागली आहेत. मुखाजवळ भराव घातल्याने पात्र आवळले आहे. आज अनेक मुले तिला ‘नाला’ म्हणतात. ती नदी आहे, हे त्यांना शिकवावे लागते.

भर पडते ती समुद्राची. मुंबईचे पाणी जिथे समुद्रात पडते त्यांतली बहुतेक मुखे भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहेत. मोठी भरती असताना पाणी बाहेर जाण्याऐवजी समुद्रच आत येऊ पाहतो. तेव्हा दरवाजे बंद करावे लागतात आणि आतले पाणी ओहोटीची वाट पाहत थांबते. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली तर काय होते, ते २००५ मध्ये दिसले.

९४४ मिलिमीटर म्हणजे किती?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पडला. एकाच शहरात एवढा फरक! हा आकडा मुलांना समजावा म्हणून वर्गात आम्ही एक हिशेब करून घेतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीचे छप्पर साधारण ९.३ चौरस मीटर भरते. म्हणजे त्या एका दिवसात एका खोलीवर जवळपास ८,८०० लिटर, २०० लिटरची ४४ पिंपे पाणी पडले. वस्तीत अशा हजार खोल्या असतील तर तेवढे पाणी जाणार कुठून?

मुंबईच्या जुन्या गटारांची क्षमता तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाची, तीही ओहोटी असताना. त्या दुपारी काही तास पाऊस ताशी शंभर मिलिमीटरहून अधिक वेगाने कोसळत होता. मुंबईत चारशेहून अधिक माणसे गेली. साकीनाक्याला दरड कोसळून कुटुंबेच्या कुटुंबे गाडली गेली. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने आणखी बळी घेतले. लाखो लोक रात्रभर रस्त्यात अडकले. मशिदी, मंदिरे, शाळा, सोसायट्यांचे जिने, जिथे कोरडी जागा होती तिथे अनोळखी माणसांना आसरा मिळाला. ज्याच्या घरात चूल पेटत होती त्याने खिचडी आणि चहा वाटला. ती रात्र आठवणारे वाचक आजही घरोघरी आहेत.

खरे तर इशारा आधी मिळाला होता. १९८५ च्या पुरानंतर महापालिकेने पर्जन्यजलवाहिन्यांचा अभ्यास करून घेतला. ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखला जाणारा तो अहवाल १९९३ मध्ये आला. गटारांची क्षमता दुप्पट करून ताशी ५० मिलिमीटरवर न्यावी, नाले रुंद करावेत आणि समुद्राच्या तोंडाशी मोठे पंप बसवावेत, असे त्यात सुचवले होते. पैशांअभावी बहुतेक काम कागदावर राहिले. २००५ नंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती बसली, मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण झाले आणि केंद्राने सुमारे १,२०० कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता दिली.

ठरलेल्या आठ मोठ्या उदंचन केंद्रांपैकी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध ही सहा सुरू झाली. भरतीच्या वेळी दरवाजे बंद करून पंप आतले पाणी उचलतात आणि समुद्रात फेकतात. इर्ला केंद्रामुळे जुहू-विलेपार्ल्याच्या बाजूला फरक पडला. पण अंधेरीसाठीचे मोगरा केंद्र आणि पूर्व उपनगरांसाठीचे माहुल केंद्र जागेच्या प्रश्नांत वर्षानुवर्षे रखडले. अंधेरीचा भुयारी मार्ग दर पावसाळ्यात अनेक वेळा बंद का करावा लागतो, याचे एक उत्तर इथे आहे. आधी झालेल्या सहांपैकी चार केंद्रे जुन्या शहरात आणि मागे राहिलेली दोन्ही उपनगरांसाठीची, हे वाचताना आम्हाला क्वीन्स आठवले.

गाळ काढला, पण गेला कुठे?

मोठे पंप सरकारने बसवायचे. पण पंपापर्यंत पाणी पोहोचायला हवे, आणि तिथे नालेसफाई येते. डोंगरावरून माती येते, बांधकामांची राबिट येते, घराघरांतून प्लास्टिक येते. पावसाळा संपला की नाल्यांचे तळ पुन्हा वर येतात. म्हणून हे काम दर वर्षी करावेच लागते.

यात पहिला प्रश्न वेळेचा. नालेसफाईसाठी मुदत असते ती साधारण ३१ मेची, कारण मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास येतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच येऊन ठेपला. इतक्या लवकर तो गेल्या पंच्याहत्तर वर्षांत आला नव्हता. पोकलेन नाल्यातच होते आणि पाऊस डोक्यावर. हवामान असे बदलत असेल तर जुन्या तारखेवर विसंबून चालणार नाही. न्यूयॉर्कने १८८८ मध्ये घेतलेला धडा हाच होता.

दुसरा प्रश्न ‘कुठे’चा. अनेक गल्ल्यांत गटारातला गाळ काढून काठावरच ढीग घालतात. वाळला की उचलू, असे सांगितले जाते. ओला गाळ वाहून नेणे जड जाते हे खरे, पण उचलायला उशीर झाला आणि वळवाची एक सर आली की तोच गाळ पुन्हा गटारात जातो. काम झाले, पैसे गेले, गटार होते तसे. हा मिलवॉकीचा पायवाटेवरचा बर्फच झाला.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. काढलेला गाळ नजरेआड जातो, त्यामुळे किती काढला हे सामान्य माणसाला कळत नाही. वजनकाटे, चित्रफिती, कॅमेरे अशा अटी आता घातल्या जातात. तरीही मे २०२५ मध्ये मिठीच्या गाळकामात सुमारे ६५ कोटींच्या गैरव्यवहाराच्या आरोपावरून मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण नाला साफ झाला की नाही, हे काठावर राहणाऱ्यांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. म्हणून त्यांनीच पाहिले पाहिजे आणि विचारले पाहिजे.

गटारात उतरणारा माणूस

न्यूयॉर्कमध्ये १८९५ साली जॉर्ज वॉरिंग हे स्वच्छता खात्याचे प्रमुख झाले. रस्ते झाडणाऱ्या आणि बर्फ उपसणाऱ्या कामगारांना त्यांनी पांढराशुभ्र गणवेश दिला. घाणीचे काम करणाऱ्याला पांढरे कपडे, याची आधी टिंगल झाली. पण हा माणूस डॉक्टरांप्रमाणे शहराचे आरोग्य राखतो, असा त्यातला संदेश होता आणि हळूहळू लोकांना तो पटला.

आपल्याकडे गल्लीतले गटार साफ करणारा बहुतेक वेळा कंत्राटी मजूर असतो. गमबूट फाटलेले, हातमोजे नाहीत, काचेने पाय कापलेला. मलनिस्सारण वाहिन्या आणि सेप्टिक टाक्यांत सुरक्षासाधनांशिवाय माणूस उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सोसायटीची टाकी साफ करायला चारशे-पाचशे रुपयांत कोणाला उतरवणे हा गुन्हा आहे. विषारी वायूने माणूस काही मिनिटांत मरतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही मरतो. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांनी हे थांबवलेच पाहिजे. आणि गटार साफ करणारा दारात आला तर त्याला हात धुवायला साबण, प्यायला पाणी आणि बसायला खुर्ची द्यावी. त्यासाठी कायद्याची गरज नाही.

घराने करायचे ते

रस्त्यातून त्रासदायक वस्तू दूर करणे हा सदका आहे आणि ती ईमानच्या शाखांपैकी एक आहे, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना लहानपणीच सांगतो. काटा उचलण्याचे सवाब सांगतो, पण खिडकीतून गटारात पडणाऱ्या पिशवीबद्दल गप्प राहतो. जी वस्तू दूर करणे सदका, ती वाटेत टाकणे काय ठरेल, याचा विचार घरातच व्हावा. काही गोष्टी तर अगदी आपल्या हातात आहेत.

बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०२३ मध्ये ती जूनच्या शेवटी, भर पावसात आली. २०२५ मध्ये ७ जूनला. कुर्बानीचे टाकाऊ अवयव आणि आतडी गटारात गेली तर पहिल्याच पावसात ती जाळीत अडकतात, पाणी तुंबते आणि दुर्गंधी मोहल्ल्यातच पसरते. ते पिशवीत घट्ट बांधून महापालिकेच्या गाडीतच द्यावे. ईदच्या आठ दिवस आधी इमामसाहेबांनी जुम्याच्या बयानात दोन वाक्ये सांगितली तर हजार भित्तिपत्रकांचे काम होईल.

इफ्तार, वलीमा, अकीका अशा प्रसंगी थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकचे पेले वापरू नयेत. राज्यात २०१८ पासून त्यांवर बंदी आहेच. भाड्याची स्टीलची भांडी गल्लोगल्ली मिळतात.

घराची डागडुजी काढली तर राबिट नाल्याच्या काठी टाकू नये. चार गोणी मातीने नाल्याचे तोंड आवळते आणि त्या रात्री पाणी शिरते ते उताराखालच्या गरिबाच्या खोलीत. टाकणारा असतो वरच्या गल्लीत, भोगणारा खालच्या.

पाणी साचले तर मॅनहोलचे झाकण कोणीही उघडू नये. पाणी लवकर जावे म्हणून उघडलेल्या झाकणांनी माणसे गिळली आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये अंधेरी पूर्वेला मुसळधार पावसात उघड्या गटारात पडून एका महिलेचा जीव गेला. तुंबलेल्या पाण्यातून चालावेच लागले तर काठीने पुढची जमीन चाचपावी, विजेच्या खांबापासून दूर राहावे. पायाला जखम असताना त्या पाण्यातून आलात तर ताप येण्याची वाट न पाहता दवाखान्यात जावे, लेप्टोवर वेळीच औषध मिळते. महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हा क्रमांक घरातल्या प्रत्येकाला, आजीलाही, पाठ हवा.

शेवटची सूचना मोहल्ल्यासाठी. एप्रिलमधल्या एखाद्या रविवारी वस्तीतल्या पाच-सात जणांनी, सोबत आठवी-नववीची दोन मुले घेऊन, गल्लीपासून मोठ्या नाल्यापर्यंत पाण्याच्या वाटेने चालत जावे. मुलांनी कागदावर नकाशा काढावा. कोणत्या गटाराची लादी तुटली आहे, कुठे राबिट आहे, कुठे गाळाचा ढीग पडून आहे, ते त्यावर मांडावे. तो नकाशा आणि सह्यांचा अर्ज विभाग कार्यालयात देऊन पोच घ्यावी. मे महिन्यात त्याच वाटेने पुन्हा एकदा जावे. सगळ्यात खोलगट गल्ली आणि सगळ्यात गरीब घर कोणते, तिथून कामाची मागणी सुरू करावी, कारण पाणी आधी तिथेच जाते. साफसफाईही आधी तिथेच व्हायला हवी.